नाताळचा बाजार आणि ख्रिस्ती मनुष्याची सहनशीलता

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ती २३, लेवीय १९:१३, ३५-३६, नीतिसूत्रे २०:१४, रोमकरांस १३:८, १ करिंथकरांस १३:४.



डिसेंबर महिना लागला म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात. एक उपासनामंदिरात चालते : भिंतींस रंग, गायनाची तालीम, मुलांचे संवाद, वर्गणीची यादी. दुसरी बाजारात चालते : कापड, बांगड्या, गूळ, मैदा, तेल, करंज्यांसाठी खोबरे, आणि लहानांस नव्या चपला. पहिल्या तयारीविषयी ह्या दिवसांत व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. दुसरी मात्र घरची बाब आहे, तिचा शास्त्राशी संबंध नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुतः सौदा, वजन, माप, मजुरी व कर्ज हे विषय मोशेच्या नियमशास्त्रापासून याकोबाच्या पत्रापर्यंत पुनःपुन्हा आलेले आहेत. शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या गावचा भाजीवाला, कासार, किराणा दुकानदार ह्यांपैकी बहुतेक जण आपल्या उपासनेस कधी येत नाहीत. ख्रिस्ताच्या लोकांविषयी त्यांस जे काही कळते, ते आपण त्यांच्यापुढे पैसे मोजीत असताना कळते. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठात बाजारच घेतला आहे.

प्रेषित पौल प्रीतीचे वर्णन करू लागतो तेव्हा सहनशीलता आणि दयाळूपणा हे दोन गुण तो सर्वांच्या आधी सांगतो. मूळ हेल्लेणी भाषेतील पहिला शब्द ‘लांब’ आणि ‘राग’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा मिळून झालेला आहे. ज्याचा राग फार लांबून येतो, यावयास वेळ लागतो, तो सहनशील. दुसरा शब्द ज्या विशेषणापासून निघाला आहे, तेच विशेषण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात प्रभूने आपल्या जुवाला लावले आहे. शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. जू नीट घडलेले नसले म्हणजे बैलाचा खांदा सोलतो, सुजतो, आणि ऐन नांगरटीत बैल खाली बसतो. नीट घडलेले जू मानेवर असते, ओझेही असते, पण ते काचत नाही. तसाच दयाळू मनुष्याचा व्यवहार दुसऱ्याच्या खांद्यास काचत नाही. बाजारातील देणेघेणे हे एक जूच आहे. ते घेणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या अशा दोघांच्याही मानेवर आहे. आपल्यामुळे समोरच्याचा खांदा सोलतो की काय, एवढे पाहावयाचे आहे.

नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायातील १४ वे वचन वाचताना हसू येते, इतके ते आपल्या आठवडे बाजाराचे चित्र आहे. घेणारा माल हातात धरून त्यास नावे ठेवतो, भाव पाडतो, आणि तोच माल घेऊन गेल्यावर आपल्या हुशारीची बढाई मारतो. ‘मावशी, ही मेथी पिवळी पडली की हो,’ असे म्हणून पाच रुपये कमी करावयाचे, आणि घरी येऊन ‘कशी ताजी आणली पाहा’ म्हणावयाचे, हीच ती गोष्ट. शास्त्र येथे भाव करण्यास दोष देत नाही. दोष आहे तो खोट्या निंदेस. जी वस्तू चांगली आहे हे आपणांस ठाऊक आहे तिला वाईट म्हणणे हे असत्य होय, आणि ज्याने ती कष्टाने पिकविली किंवा घडविली त्याच्या तोंडावर ते बोलले जाते. भाव परवडत नसेल तर ‘मला एवढे परवडत नाही’ असे सरळ म्हणता येते. पण त्यात आपणांस कमीपणा वाटतो. म्हणून आपल्या खिशातील उणीव आपण दुसऱ्याच्या टोपलीत दाखवितो.

ह्याच्या उलट एक सौदा उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात आहे. सारा मरण पावली. अब्राहाम त्या देशात परका. तिला पुरावयास त्याच्या मालकीची हातभर जमीन नाही. हेथी लोकांच्या वेशीत, सर्वांसमक्ष, तो एफ्रोनाजवळ मकपेलाची गुहा विकत मागतो. एफ्रोन आधी ती फुकट देऊ करितो. पूर्वेकडील रीत ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे बोलणे समजते. ‘राहू द्या हो, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?’ असे म्हणणारा आपल्याकडील दुकानदारही पैसे घेणारच असतो. मग भाव बाहेर येतो : चारशे शेकेल रुपे, आणि तेही जणू अगदी किरकोळ गोष्ट असल्यासारखे सांगितलेले. ही किंमत भारी होती असे पुष्कळ टीकाकारांचे मत आहे. दाविदाने अरवनाचे खळे व बैल पन्नास शेकेलांस घेतले, आणि यिर्मयाने अनाथोथचे शेत सतरा शेकेलांस घेतले. ते सौदे फार पुढल्या काळचे खरे, तरी त्यांवरून वाचकांनी अंदाज करावा.

अब्राहाम शोकात होता व अडचणीत होता. तरी तो त्या देशाच्या लोकांस दोनदा नमन करितो, भाव ऐकून घेतो, आणि व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने रुपे तोलून देतो. गुहा अंधारी आहे, शेत खडकाळ आहे, असे एक अक्षरही तो बोलत नाही. ह्या अध्यायातील ६ वे वचन शिक्षकांनी वर्गात अवश्य दाखवावे. त्यात परके लोकच अब्राहामास त्याच्या देवाचे नाव घेऊन मोठा मान देतात. ही त्याची ख्याती सौद्याच्या आधीची आहे, आणि इतका मोठा सौदा झाल्यावरही ती गेली असे वाचावयास मिळत नाही.

तर मग ख्रिस्ती मनुष्याने भावच करू नये काय, असे कोणी विचारील. मी तसे म्हणत नाही. बैलबाजारात दोघे जण रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवितात. तेथे दोघेही जाणते असतात, आणि ‘नको’ म्हणून निघून जाण्याची दोघांसही मोकळीक असते. तो बरोबरीचा सौदा होय. पण एक पक्ष जेव्हा ‘नको’ म्हणू शकत नाही, तेव्हा घासाघीस ही बळजोरीच होते, मग ती कितीही हसून केलेली असो.

१७ व्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स ह्यांच्या अनुयायांनी, ज्यांस क्वेकर म्हणतात, ह्या बाबतीत आपल्यापुरता एक नियम केला. चढा भाव सांगून मागाहून उतरावयाचे म्हणजे पहिला भाव खोटाच, असे त्यांस वाटे; म्हणून ते एकच भाव सांगत. आरंभी त्यांचे गिऱ्हाईक तुटले, कारण ते खुशामतीचे शब्द बोलत नसत व कोणापुढे टोपीही काढीत नसत. पुढे लोकांस कळले की त्यांच्या दुकानी लहान मूल पाठविले तरी ते फसत नाही, आणि त्यांचा धंदा वाढला. ही हकीकत फॉक्स ह्यांच्या रोजनिशीत आहे. आज तर मोठ्या दुकानांत प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेलीच असते, आणि ती आपण मुकाट्याने देतो. नवल हे की तेच आपण बाहेर रस्त्यावर येताच गोणपाट टाकून बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी वाद घालतो.

त्या बाईचा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय? पहाटे उठून ती बाजार समितीच्या आवारातून किंवा शेताच्या बांधावरून माल उचलते, टेम्पोचे भाडे देते, बाजारात बसण्याची पावती फाडते. दिवस कलला की मेथी, पालक, कोथिंबीर ह्यांची किंमत तासातासाने उतरते, कारण तो माल उद्या कोणी घेणार नाही. हे आपणांस ठाऊक असते, म्हणून काही जण मुद्दाम दिवे लागल्यावर बाजारास जातात. स्वस्त मिळते हे खरे. परंतु ती दमलेली आहे, तिला घराकडे जाणारी शेवटची गाडी गाठावयाची आहे, आणि ह्याच गोष्टींचा नफा आपण घेत असतो. उशिरा गेलात तर जा. पण तिने आपणहून उतरविलेला भाव आणखी उतरवू नका. बवाजाने आपल्या कापणाऱ्यांस रूथेसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकावयास सांगितले. त्याने ते अशा रीतीने केले की रूथेस भीक घेतल्यासारखे वाटू नये. सुटे दोन-चार रुपये परत न मागता निघून येणारी बहीण तेच करीत असते.

आता उधारीविषयी. हा भाग मी थोडा लांबविणार आहे, कारण बाजारात आपली खरी परीक्षा येथे होते असे माझे मत आहे.

खेड्यातील किराणा दुकानदाराजवळ एक वही असते. पेरणीच्या दिवसांत, मजुरी बंद असताना किंवा घरात कोणी आजारी असताना त्याने साखर, चहा, तेल, साबण दिले आणि त्या वहीत आपल्या नावापुढे आकडा मांडला. काही दुकानदार उधारीच्या मालाचा दर चढवून लावितात हेही खरे आहे. तथापि त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली ती त्याच्या विश्वासावर. पुढे कांद्याचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती येतात, शहरात कामास असलेला मुलगा काही पाठवितो. नाताळ जवळ आलेला असतो. मग ते पैसे घेऊन आपण एस.टी.ने तालुक्याच्या गावी जातो, रोख मोजून कापड घेतो, आणि परत येताना हातातील पिशव्या दिसू नयेत म्हणून दुकानासमोरचा रस्ता टाळून मागच्या बोळाने घर गाठतो. त्या बोळाने जाणाऱ्या मनुष्यास निराळा उपदेश नको. त्याच्या पायांनी तो त्यास आधीच केलेला आहे.

रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो त्याचा आशय असा की, प्रीतीचे ऋण कधी फिटावयाचे नाही, बाकीची ऋणे मात्र फेडून टाकावी. दुकानदारासही ठोक व्यापाऱ्याचे देणे असते, आणि त्याच्यामागेही तगादा असतो. सहनशीलता, सहनशीलता असे आपण म्हणतो. पण सहा महिने वाट पाहून तो ती दाखवीत असतो, आणि कापडाच्या दुकानात दहा मिनिटे थांबावे लागले म्हणून रागावणारे आपण असतो.

सर्व रक्कम एकदम देणे पुष्कळांस शक्य नसते. तर नवे कापड घेण्यापूर्वी त्याच्याकडे जावे. ‘शेठ, एवढे आज घ्या, बाकीचे उन्हाळी कांद्यावर देतो,’ असे सांगावे, आणि दिलेली रक्कम वहीत जमा मांडून घ्यावी. तो कदाचित चार शब्द बोलेल. ते ऐकून घ्यावे. त्याचा राग फार लांबून आलेला आहे. मग जे उरेल त्यात मुलांचे कपडे घ्यावे, आणि मोठ्यांनी ह्या वर्षी धुतलेलेच घालावे.

हे लिहिणे सोपे आहे, करणे कठीण आहे, आणि ते कठीण करण्यात मंडळीचाही दोष आहे. नाताळच्या सकाळी जुना सदरा इस्त्री करून घालून आलेल्या बंधूकडे आपण कसे पाहतो? त्याच्या मुलीस ‘तुला नवे नाही का घेतले?’ असे उपासनामंदिराच्या पायरीवर विचारणारे आपणच असतो. त्या एका प्रश्नाच्या भीतीने बाप कर्ज काढतो. वर्गणीची यादी नावांनिशी व आकड्यांनिशी मोठ्याने वाचून दाखविण्याची रीतही मला पसंत नाही, पण तो विषय निराळा. ज्याचा जन्मदिवस आपण पाळतो तो गव्हाणीत निजविलेला होता, हे त्या दिवशी आपण गातो. ते गाणाऱ्या मंडळीत जुना सदरा संकोच न वाटता बसू शकला पाहिजे. पाळकांनी व वडीलजनांनी स्वतः साधे कपडे घालून ह्याची सुरुवात केली तर ते एखाद्या उपदेशाइतके उपयोगी पडेल.

लेवीयाच्या १९ व्या अध्यायातील १३ वे वचन ह्याच ठिकाणी वाचावे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ राहू देऊ नये असा तेथे नियम आहे. रंगारी, मांडववाला, वीजजोडणी करणारा, वाजंत्री ह्यांस मंडळीच्या वतीने कामास लावलेले असते, आणि त्यांचे पैसे ‘वर्गणी जमल्यावर’ म्हणून जानेवारीपर्यंत लांबतात असे माझ्या पाहण्यात आहे. देवाच्या घराचे काम केले म्हणून देवाच्या नियमातून ती मजुरी सुटत नाही. पंचांनी आधी पैसे बाजूस काढावे व मग भिंतीस रंग लावावा.

शहरातील मोठ्या दुकानांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. साडीच्या दुकानात गादीवर बसून आपण तीस साड्या उलगडावयास लावतो व ‘पुन्हा येतो’ म्हणून उठतो. पाहण्यास हरकत नाही. घ्यावयाचे नसता पाहण्यास आहे. त्या साड्यांच्या घड्या घालणारी मुलगी सकाळपासून उभी असते. १८९१ साली न्यूयॉर्क शहरात जोसेफीन शॉ लोवेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक स्त्रियांनी एक संघ स्थापिला. दुकानांतील मुलींस वेतन किती मिळते, त्या किती तास उभ्या असतात, बसावयास जागा आहे काय, ह्याची चौकशी करून जी दुकाने नीट वागतात त्यांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली. पुढे २० व्या शतकाच्या आरंभी ह्याच चळवळीतील स्त्रियांनी लोकांस विनंती केली की नाताळची खरेदी लवकर उरका. कारण शेवटच्या आठवड्यात दुकानांतील मुली व सामान पोचविणारी पोरे रात्री उशिरापर्यंत राबत असत. घेणारा उशीर करितो आणि थकतो दुसराच, ही गोष्ट त्या बायकांनी ओळखली. आपल्या देशात केरळ राज्याने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कामगारांस बसावयास आसन दिले पाहिजे असा कायदा केला. केरळात त्यासाठी कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनीच पुष्कळ वर्षे मागणी केली होती. म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी त्या गर्दीत बिलासाठी खोळंबा झाला व मुलीच्या हातून आकडा चुकला, तर ती कोणत्या वेळेपासून उभी असेल हे मनात आणावे, आणि ‘ताई, एवढे पुन्हा पाहता का?’ अशा शब्दांत चूक दाखवावी. तिच्या मालकास बोलावून तिच्यावर ओरडण्याने आपले पाच रुपये लवकर परत येत नाहीत. आता खेड्यांतही घरपोच माल घेऊन तरुण मुले मोटारसायकलीवर येतात. घर सापडत नाही म्हणून दोनदा फोन केला तर त्यांस दरडावू नये, आणि आल्यावर पाणी विचारावे. आपल्याकडे दारी आलेल्यास पाणी विचारण्यास ख्रिस्ती होण्याचीही गरज लागत नाही.

ह्यावरून कोणी असे समजू नये की सहनशील मनुष्याने फसवून घ्यावे. त्याच १९ व्या अध्यायात ३५ व ३६ ही वचने आहेत, आणि ती विकणाऱ्यासाठी आहेत. तराजू व वजने ह्यांवर शासनाचा शिक्का असावा लागतो. तो पाहण्याचा आपणांस अधिकार आहे. पाकिटावरील छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, त्याहून अधिक मागितल्यास देऊ नये. पावती मागावी. माप कमी भरल्यास पुन्हा मोजावयास सांगावे. जो गप्प बसून घरी येतो व मग दुकानदारास गावभर शिव्या देतो, तो सहनशील नव्हे. त्याने फक्त आपला राग दुसऱ्या पेठेत नेला. तोंडावर, हळू आवाजात, एकदा, खरे तेवढे बोलावे. अब्राहामानेही रुपे डोळे मिटून दिले नाही. सर्वांसमक्ष तोलून दिले.

शेवटी शिंप्याविषयी. तयार कपडे पुष्कळ मिळू लागले तरी झबली, परकर, पोलकी, आणि गायनमंडळीचे एकसारखे सदरे अजून गावच्या शिंप्याकडेच जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळी मंडळी एकदम कापड आणून टाकते, प्रत्येकास ते चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत हवे असते, आणि तो बिचारा कोणासच नाही म्हणू शकत नाही. मग रात्री दहा वाजता त्याच्या दारात उभे राहून भांडण, आणि बारा वाजता उपासनामंदिरात शांतीचे गायन. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नाताळास तीन आठवडे उरलेले असतील आणि शिंप्याकडे गर्दी झालेली नसेल. कापड ह्याच सोमवारी नेऊन द्यावे, माप नीट सांगावे, आणि अर्धी शिलाई आगाऊ द्यावी.